पिशवीमागची बारीक अक्षरं

तूरडाळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन बघतो, तांदूळ जुना की नवा ते विचारतो. घरातल्या कुत्र्याचं खाणं मात्र पिशवीवरचं चित्र बघूनच येतं. हल्ली त्या पिशव्यांवर ‘ग्रेन फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे आत गहू, मका, तांदूळ काही नाही.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. पावसाळ्यात त्याला खाज सुटली. ‘धान्याचीच अ‍ॅलर्जी असणार’ असं कुणीतरी सुनेच्या कानावर घातलं. तिने तशी पिशवी आणली, नेहमीच्या दुपटीहून महाग! ‘‘आई, फोडण्याआधी वाचून बघा ना. एवढे पैसे घालायचे का दर महिन्याला?’’ मी चष्मा लावून बसले.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव चिकन. छानच की! पण ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं आणि वजन त्या पाण्यासकट धरतात. त्याखाली वाटाणा, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा कोंडा, मसूर, बटाटा. एकच वाटाणा तीन नावांनी हजर! तिन्ही एकत्र धरले तर कदाचित तोच पहिल्या नंबरावर जाईल. म्हणजे धान्य गेलं, पण त्याच्या जागी डाळी आणि बटाटा आला. पिठूळ पदार्थ काही गेले नाहीत.

आकडेही जपून वाचावेत. कोरड्या खाण्यात प्रथिनं २४ टक्के आणि डबाबंद खाण्यात ८ टक्के दिसली, तर डबा हलका वाटतो. पण डब्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत ८ म्हणजे ३६ टक्के झाले. कोरड्यात पाणी १० टक्के धरलं, तर ९० भागांत २४, म्हणजे जेमतेम २७.

पिशवी घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते हसले. ‘‘कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे हो. माणसाजवळ राहून तो पिष्टमय पदार्थ पचवायला शिकलाय.’’ स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्यामागची जनुकं दाखवली होती. अन्नाची अ‍ॅलर्जी असलीच तर ती बहुधा बीफ, दूध किंवा चिकनची निघते. गव्हाची त्यामानाने कमी. बंड्याच्या अंगावर तर पिसवाच निघाल्या!

मग त्यांनी गंभीरपणे दुसरी गोष्ट सांगितली. कुत्र्यांच्या हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगण्याचा एक आजार आहे. त्याचा अशा खाण्याशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. जून २०१९ च्या अहवालात, तक्रारी आलेल्या खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेन फ्री’ होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. खाण्यामुळेच आजार होतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. ‘‘पण गरज नसताना धान्य बंद कशाला करायचं?’’ डॉक्टरांचा प्रश्न मला पटला.

आता मी दुकानात तीन गोष्टी बघते. ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलंय की नुसता पूरक आहार आहे? कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे? आणि पहिल्या पाच-सहा घटकांत एकाच डाळीची किती रूपं आहेत? कंपनीला फोन करून, खाण्याचं सूत्र पशुआहारातल्या तज्ज्ञाने ठरवलंय का, हेही विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

तुमच्याकडे आधीपासून ‘ग्रेन फ्री’ चालू असेल तर घाबरून एका दिवसात बदलू नका. डॉक्टरांशी बोलून आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. आणि कुत्रा लवकर दमतोय, खोकतोय किंवा चक्कर येऊन पडतोय असं दिसलं, तर पिशवी वाचत बसू नका. आधी त्याच्या छातीची तपासणी करून घ्या.