इंजिनाला दम का लागतो?

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. गावाला रेल्वे नाही. म्हणून १९७८ साली आम्ही सहकुटुंब हिंगणघाटला उतरलो. एस.टी.ला अवकाश होता, तेव्हा फलाटावरच बसलो. आमची गाडी सुटली आणि तिच्या डिझेल इंजिनाने काळ्याकुट्ट धुराचा असा लोट सोडला, की चिरंजीव ओरडले, "बाबा, इंजिन पेटलं!"

शेजारी बसलेले एक निवृत्त ड्रायव्हर हसले. "पेटलं नाही रे बाळ, त्याला दम लागलाय!"

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ते इंजिन डब्ल्यूडीएम-२ जातीचे. अमेरिकेतील आल्को कंपनीकडून ही इंजिने १९६२ साली आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती! एवढ्या देहाला हवाही तशीच लागते. ती रेटून भरण्याचे काम टर्बो नावाचा पंखा करतो. चुलीपुढची फुंकणीच म्हणा ना! पण ही फुंकणी फुंकायला माणूस नसतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायूच तिचे चाक फिरवतो.

गोम इथेच आहे. गाडी सुटताना ड्रायव्हर हँडल एकेक खाच पुढे नेतो. अशा खाचा आठ. खाच बदलताच डिझेल लगेच वाढते. पण जड पंख्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ तेल फार, हवा थोडी! अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी होते आणि धुराड्यातून बाहेर पडते. पंख्याने वेग घेतला, की धूर विरतो. त्याच १९६२ साली आलेल्या जनरल मोटर्सच्या डब्ल्यूडीएम-४ मध्ये हा पंखा सुरुवातीला इंजिनाच्या दंतचक्रांवरच फिरे. म्हणून तिथे असा धूर कमी.

"म्हणजे धूर ही ताकदीची खूण नव्हे?" मी विचारले.

"छे हो! धूर म्हणजे वाया गेलेलं तेल. सरकारचे पैसे आकाशात आणि काजळी आपल्या छातीत! घाईनं खाचा ओढील तो धूर काढील. पंख्याचा आवाज ऐकत हात पुढे नेतो, तो खरा ड्रायव्हर. आणि वेग घेऊनही धूर निवळला नाही, तर समजावं, हवेची गाळणी तुंबली आहे किंवा तेलाचा फवारा बिघडलाय."

आज त्या मार्गावर विजेची इंजिने धावतात. चिरंजीवही मोटार चालवतात. दिवा हिरवा होताच गाडी पिटाळायची त्यांना फार घाई! अशा वेळी मी मागून एवढेच म्हणतो, "अरे, जरा दम घेऊ दे तिला!"