मोटार जळते कशाने?



ऐन उन्हाळ्यात खोडव्याची पाण्याची पाळी हुकली की काय होते, हे आम्ही आपणास सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात भोकर गटातील एका सभासदाची पाच अश्वशक्तीची मोटार तीनदा जळाली. दर खेपेला मोटार उचला, गाडीत घाला, भोकरला वायंडिंगला टाका आणि चार-पाच दिवस वाट बघत बसा. तिसऱ्या खेपेला दोन पाळ्या गेल्या व उसाची कांडी आखूड पडली. "लाइटच कमी दाबाची येते साहेब, आम्ही काय करावं?" असे त्यांचे म्हणणे. ते अर्धे खरे होते.

आम्ही परवानाधारक वायरमनला घेऊन विहिरीवर गेलो. मोटार चालू असताना डीपीजवळ दोन फेजमधील दाब ४०० व्होल्ट भरला. तोच दाब विहिरीवरच्या स्टार्टरला ३५२! मधल्या साडेतीनशे मीटर तारेने ४८ व्होल्ट खाल्ले. टोंग टेस्टर लावला तर प्रत्येक तारेतून १० अँपिअर करंट जात होता. मोटारीच्या पाटीवर मात्र साडेसात अँपिअर लिहिलेले.

आता हिशेब पाहू. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम असा, की व्होल्टला अँपिअरने भागले म्हणजे तारेचा रोध निघतो. रोध म्हणजे अडवणूक, पाइप बारीक असला की पाणी जसे अडते तशी. तिन्ही फेजच्या लाइनीत एका तारेवरची घट काढायची तर ४८ ला १.७३ ने भागावे. ती सुमारे २७.७ व्होल्ट येते. तिला १० अँपिअरने भागले की रोध २.७७ ओहम.

तार तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची होती. तिचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम धरतात, म्हणजे साडेतीनशे मीटरला २.६ यायला हवा. वरचा थोडासा कुठला? पाहत गेलो तर वाटेत चार ठिकाणी नुसते पिळे मारून टेप गुंडाळलेले जोड. त्यातला एक हिरवा पडलेला.

तारेत जळणारी वीज काढताना करंटचा वर्ग करून रोधाने गुणावे व तीन तारांसाठी तिप्पट करावे. १० गुणिले १० गुणिले २.७७ गुणिले ३, म्हणजे ८३१ वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची असते. म्हणजे एका अश्वशक्तीहून जास्त वीज पंपापर्यंत पोचतच नव्हती, वाटेवरच तार तापवत होती. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल शासन भरते, त्यामुळे ही गळती कोणाला टोचत नाही. वायंडिंगचे पैसे मात्र शासन देत नाही.

येथे पुष्कळांची एक गफलत होते. पाणी तापवायच्या रॉडला दाब कमी मिळाला तर करंटही कमी होतो. मग मोटारीचा करंट वाढतो कसा? रॉडचा रोध जवळपास ठरलेला असतो. मोटारीला विहिरीतले पाणी वर चढवायचेच असते, काम तेवढेच राहते. तिन्ही फेजच्या मोटारीची शक्ती म्हणजे १.७३ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर आपल्या सभासदाची मोटार सुमारे ४,९०० वॅट ओढत होती. व्होल्ट घटले की तेवढीच शक्ती मिळवायला अँपिअर वाढतात. साडेसातचे दहा झाले, म्हणजे सव्वापट आणि वर थोडे. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून वायंडिंगमधली उष्णता जवळजवळ पावणेदोन पट झाली. वार्निश किती दिवस टिकणार?

ओव्हरलोड रिलेने हे ओळखून मोटार बंद करायला हवी होती. तिने केलीही होती, वारंवार. मग कंटाळून तिचा काटा पुढे सरकवून ठेवण्यात आला! आमच्या पाहण्यात दहा स्टार्टरपैकी निम्म्यांत तरी हाच प्रकार दिसतो. रिले त्रास देते ती आपल्या भल्यासाठी.

त्या सभासदांनी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बिनजोड ओढली. तिचा रोध साडेतीनशे मीटरला १.०८ ओहम. पुन्हा मोजले तेव्हा डीपीवर ४०० असताना स्टार्टरला ३८४ व्होल्ट मिळाले, करंट ८.७ अँपिअर. तारेतली गळती ८३१ वरून अडीचशे वॅटच्या आत आली. ॲल्युमिनियम घ्यायचे असल्यास तेवढ्याच रोधासाठी दहा चौरस मिलिमीटरची तार लागते.

करंट अजून पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्तच आहे, हे आम्ही लपवत नाही. तीनदा भरलेल्या मोटारीकडून नव्याची अपेक्षा करता येत नाही. शिवाय वीज आली की ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकदम सुटतात, तेव्हा डीपीवरच दाब पडतो. त्यावर डीपीवरच्या सभासदांनी आपसात बसून पाच-पाच मिनिटांच्या फरकाने पंप लावून घ्यावेत. डीपीवरच सतत दाब कमी भरत असेल, तर दोन्ही ठिकाणचे आकडे तारीख-वेळेसह लिहून महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीपेक्षा आकडे लिहिलेला कागद टाळणे अवघड जाते.

मोजणी स्वतः करू नये, ओल्या पायाने तर स्टार्टरचे झाकण उघडूच नये. ज्यांना मोजून घ्यायचे असेल त्यांनी मोटारीची शक्ती, तारेची लांबी व जाडी चिटबॉयकडे लिहून द्यावी. वायरमनसह येण्याचा दिवस शेतकी विभाग कळवील.

— ऊस विकास अधिकारी