नोंदींची नाती : संगणकीय तक्त्यांतील ‘फॉरेन की’

आपल्या शाळेच्या आणि वसतिगृहाच्या जुन्या रजिस्टरांतील नोंदी संगणकावर आणण्याचे काम गेल्या वर्षी सुरू झाले. संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या काही माजी विद्यार्थ्यांनी ते स्वेच्छेने हाती घेतले आहे. इतिहासाचा शिक्षक आणि जुन्या वह्यांतील अक्षर लावू शकणारा माणूस म्हणून मीही त्यांच्यासोबत बसू लागलो. या कामात माझ्या हातून एक चूक घडली आणि तिच्यामुळेच हा लेख लिहीत आहे.

त्या दिवशी आम्ही चाचणीसाठी भरलेल्या नोंदी तपासत होतो. वसतिगृहाची जुनी इमारत पाडली गेली आहे. मग तिच्यातील खोल्या यादीत कशाला हव्यात, असा विचार करून मी ७ क्रमांकाची खोली काढून टाकली. पडद्यावर एक लांबलचक यादी आली आणि ‘नक्की काढायचे का?’ अशी विचारणा झाली. यादी न वाचताच मी होकार दिला. क्षणार्धात त्या खोलीत राहिलेल्या सर्व मुलांच्या नोंदीही नाहीशा झाल्या. चाचणीची प्रत होती म्हणून नुकसान झाले नाही. परंतु खोली पुसल्याने मुले कशी पुसली गेली, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

त्याचे उत्तर समजण्यासाठी आपल्या परिचयाच्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो रजिस्टर क्रमांक असतो, तो एका शाळेत एकाच विद्यार्थ्याचा असतो. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असू शकतात. नावाचे लेखन वहीगणिक बदलते. लग्नानंतर मुलींची नावे बदलतात. क्रमांक मात्र बदलत नाही. शिवाय आडनाव पाहून माणसाची जागा ठरवण्याची आपल्या समाजाची जुनी खोड या क्रमांकाला नसते. संगणकीय तक्त्यात प्रत्येक ओळीला असा जो स्वतःचा क्रमांक असतो, त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात.

आता दोन तक्ते डोळ्यांसमोर आणा. एक विद्यार्थ्यांचा, दुसरा खोल्यांचा. विद्यार्थ्याच्या ओळीत ‘खोली’ नावाचा एक रकाना आहे आणि त्यात ७ हा आकडा लिहिला आहे. हा आकडा विद्यार्थ्याचा नाही, तो खोल्यांच्या तक्त्यातील एका ओळीचा क्रमांक आहे. दुसऱ्या तक्त्याची किल्ली या तक्त्यात ठेवली आहे, म्हणून ती ‘फॉरेन की’. खोल्यांच्या तक्त्यात ९९ क्रमांकाची खोलीच नसेल, तर विद्यार्थ्याच्या ओळीत ९९ लिहू देण्यास संगणक नकार देतो. जुनी कागदपत्रे चाळणाऱ्याला या नियमाचे मोल लगेच कळते. ‘मागील वहीत पाहावे’ असा शेरा सापडतो आणि ती वहीच उपलब्ध नसते, असा अनुभव आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांना नित्याचा आहे.

ही कल्पना मांडली एडगर कॉड यांनी. जन्माने इंग्रज असलेले कॉड अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ‘फॉरेन की’ हा शब्दप्रयोग आढळतो. त्यापूर्वी आयबीएमच्याच ‘आयएमएस’सारख्या प्रणालींत माहितीची रचना उतरंडीची असे. प्रत्येक नोंद कोणा तरी वरच्या नोंदीच्या खाली बसवलेली आणि तिच्यापर्यंत पोहोचायचे तर वरून खाली पायरीपायरीने उतरावे लागे. कॉड यांनी ही उतरंड मोडली. त्यांच्या रचनेत सर्व तक्ते एकाच पातळीवर असतात आणि त्यांच्यातील नाते केवळ जुळणाऱ्या मूल्यांवरून ठरते. या कार्यासाठी त्यांना १९८१ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

परंतु संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा माणूस तक्त्यांच्या भाषेत विचार करीत नाही. १९६० च्या दशकात नॉर्वेतील ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली आणि तिच्यातून ‘ऑब्जेक्ट’ची कल्पना पुढे आली. ऑब्जेक्ट म्हणजे एखाद्या वस्तूचे किंवा व्यक्तीचे संगणकाच्या स्मृतीतील रूप. विद्यार्थी हा एक ऑब्जेक्ट, खोली हा दुसरा. येथे विद्यार्थ्याजवळ खोलीचा नुसता क्रमांक नसतो. त्याला थेट खोलीच ठाऊक असते. तसेच खोलीलाही आपल्यात राहणाऱ्या मुलांची यादी ठाऊक असू शकते.

अडचण नेमकी इथे येते. ऑब्जेक्टच्या जगात नाते दोन्ही बाजूंनी धरलेले असते, तर तक्त्यात ते एकाच बाजूला लिहिता येते. एका चौकटीत एकच मूल्य, हा तक्त्याचा शिस्तीचा नियम असल्यामुळे खोलीच्या ओळीत मुलांची यादी मावत नाही. मात्र प्रत्येक मुलाच्या ओळीत खोलीचा एक क्रमांक सहज मावतो. म्हणून किल्ली नेहमी ‘अनेक’ असलेल्या बाजूकडे राहते. या दोन जगांत भाषांतर करणारे दुभाषी कार्यक्रम आहेत. जावा भाषेसाठी ‘हायबरनेट’, तर पायथन भाषेसाठी आमच्या चमूने वापरलेला ‘जँगो’ हे त्यांपैकी होत. जँगोमध्ये विद्यार्थ्याच्या वर्णनात ‘खोली ही फॉरेन की’ एवढे लिहिले की तक्त्यात क्रमांकाचा रकाना तयार होतो आणि खोलीकडून मुलांची यादी मागण्याची सोयही आपोआप मिळते.

दुभाष्याला नात्याची धनी बाजू नीट सांगावी लागते. हायबरनेटमध्ये दोन्ही बाजूंनी नाते मांडले आणि विद्यार्थ्याचे नाव फक्त खोलीच्या यादीत घातले, विद्यार्थ्याला मात्र खोली दिली नाही, तर तक्त्यात काहीच नोंदले जात नाही. चुकीचा इशाराही मिळत नाही. कारण किल्ली विद्यार्थ्याच्या ओळीत आहे आणि त्या ओळीला कोणी हातच लावलेला नसतो.

दुसरी दक्षता वेगाची. तीनशे विद्यार्थ्यांची यादी त्यांच्या खोलीच्या नावासह छापायची असेल, तर बेसावध कार्यक्रम यादीसाठी एकदा आणि खोलीसाठी प्रत्येक मुलामागे एकदा, अशी ३०१ वेळा तक्त्यांकडे विचारणा करतो. दोन्ही तक्ते जोडून एकाच विचारणेत सर्व माहिती आणण्याची सोय जँगोत आहे; पण ती आपण मागावी लागते.

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. खोली नाहीशी झाली, तर तिचा क्रमांक बाळगणाऱ्या विद्यार्थ्याचे काय करायचे? याला मुख्यतः तीन उत्तरे आहेत. पहिले, खोलीबरोबर विद्यार्थ्याची नोंदही पुसावी. याला ‘कॅस्केड’ म्हणतात. दुसरे, विद्यार्थी ठेवावा आणि खोलीचा रकाना रिकामा करावा. तिसरे, खोलीशी एकही नोंद जोडलेली असेल तोवर खोली पुसूच देऊ नये. जँगोच्या जुन्या आवृत्त्यांत काही लिहिले नाही, तर पहिलेच उत्तर गृहीत धरले जाई. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून मात्र यांपैकी काय हवे ते स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले. आमच्या चमूने घाईत ‘कॅस्केड’ लिहिले होते आणि मी त्यावर होकाराची मोहोर उठवली होती.

कॅस्केड सर्वत्र वाईट असते असे नाही. पावती रद्द झाली, तर तिच्यातील बाबीही जाव्यात, हे रास्तच आहे. पावतीविना त्यांना अर्थ नाही. परंतु विद्यार्थी म्हणजे खोलीची बाब नव्हे. भिंती पडल्या तरी त्यांच्या आत राहून शिकलेली मुले होतीच. कोणाचे अस्तित्व कोणावर अवलंबून मानायचे, हा निर्णय दिसायला तांत्रिक आहे. पण तो घेण्यासाठी संस्थेचे जीवन ठाऊक असावे लागते. म्हणून अशा कामात संगणकतज्ज्ञांइतकेच जुन्या गृहपालांना आणि शिक्षकांना विचारले पाहिजे.

त्या चर्चेतून आणखी एक दोष लक्षात आला. विद्यार्थ्याच्या ओळीत खोलीचा एकच रकाना होता. प्रत्यक्षात मुले दरवर्षी खोल्या बदलत. एका मुलाच्या अनेक खोल्या आणि एका खोलीची अनेक मुले, असे नाते दोन तक्त्यांत मावत नाही. त्यासाठी ‘निवास’ हा तिसरा तक्ता करावा लागला. त्याच्या प्रत्येक ओळीत दोन फॉरेन की आहेत, एक विद्यार्थ्याची आणि एक खोलीची. सोबत शैक्षणिक वर्षाचा रकाना आहे. दोन्ही किल्ल्यांपुढे आता तिसरे उत्तर लिहिले आहे. पाडलेल्या इमारतीतील ७ क्रमांकाची खोली ‘वापरात नाही’ अशा शेऱ्यासह यादीत कायम आहे.

ज्यांच्या आईवडिलांचे नाव कोणत्याही शाळेच्या रजिस्टरात नव्हते, अशी कितीतरी मुले आपल्या वसतिगृहात राहून शिकली. त्यांच्या घराण्यातील शिक्षणाची पहिली लेखी नोंद आपल्या वह्यांत आहे. ती वहीतून संगणकात जाताना एका होकाराने पुसली जाणार नाही, एवढी व्यवस्था करणे हे आपले कर्तव्य आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपण कोणत्या वर्षी कोणत्या खोलीत राहत होता आणि सोबत कोण होते, ते आठवून शाळेच्या कार्यालयात कळवावे. जुन्या वह्यांतील काही पाने जीर्ण झाली आहेत. ‘निवास’ तक्त्यातील कित्येक ओळी आपल्या आठवणीनेच भरल्या जाणार आहेत.