कणगीतला उंदीर आणि वेल्लोरची चिचुंद्री

रायगड जिल्ह्यात पेणच्या रामवाडीहून खारेपाटाकडे किंवा रोह्याच्या वाटेला लागलं, की दिवाळीच्या आगेमागे भाताच्या खाचरांत कापणीची लगबग दिसते. मळणी होते, कणग्या भरतात, आणि शेतातल्या उंदरांचीही सुगी होते. याच सुमारास कुणी तापाने फणफणलं, अंग ठणकू लागलं, रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या, तर डॉक्टरांच्या मनात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो ही नावं आधी येतात. लेप्टोची धास्ती मुंबई-कोकणाने २६ जुलै २००५च्या महापुरानंतर चांगलीच घेतली. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून चालताना पायाची जखम किती महागात पडते, हे आता गावोगाव माहीत आहे.

याच लक्षणांमागे आणखी एक आजार लपू शकतो. त्याचं नाव हंता.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत हे नाव व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचलं. चीनमध्ये बसमध्ये एक माणूस हंताने दगावला आणि ‘नवा विषाणू आला’ अशी आवई उठली. विषाणू नवा मुळीच नव्हता. त्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान तर भारतातच लिहिलं गेलं. १९६४ साली तमिळनाडूत वेल्लोरला पकडलेल्या एका चिचुंद्रीच्या शरीरातून एक विषाणू वेगळा करण्यात आला. तिथल्याच एका भागावरून त्याला थोट्टापलायम हे नाव मिळालं. १९७१मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा त्याची गणना डास-गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूंत झाली होती. तो हंताच्या कुळातला आहे हे बऱ्याच वर्षांनी उमगलं. या कुळातला प्रयोगशाळेत वेगळा केलेला पहिला विषाणू म्हणून आज त्याचीच नोंद आहे. आणि चिचुंद्री तर उंदराच्या जातीचीही नव्हे. ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गणातली!

कुळाला नाव मात्र कोरियाने दिलं. १९५०च्या दशकातल्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना रक्तस्राव आणि मूत्रपिंडं निकामी करणाऱ्या तापाने गाठलं. कारण सापडायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९७६मध्ये हो वांग ली या शास्त्रज्ञाने पाठीवर पट्टा असलेल्या शेतातल्या उंदराच्या फुफ्फुसात त्याचा माग काढला आणि हंतान नदीवरून विषाणूचं नामकरण झालं. त्याचाच भाऊबंद असलेला सोल विषाणू तपकिरी घरउंदरांत राहतो आणि जहाजांतून फिरलेल्या या उंदरांबरोबर जगभरच्या बंदरांत पोचला आहे.

उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. त्याच्या मूत्रातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू बाहेर पडतो. ते सगळं वाळतं, धुळीत मिसळतं आणि बंद कोठीत कुणी झाडू मारला की श्वासावाटे आत जातं. आशिया-युरोपातले प्रकार मुख्यतः मूत्रपिंडांवर घाव घालतात, अमेरिकेतले फुफ्फुसांवर. माणसाकडून माणसाला लागण होते ती प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज या प्रकाराची.

अमेरिकेतली १९९३ची साथ रायगडकरांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. नैऋत्येकडच्या नाव्हाहो आदिवासींच्या प्रदेशात धडधाकट तरुण माणसं काही दिवसांत श्वास कोंडून मरू लागली. त्याआधी तिथे भरपूर पाऊस आणि बर्फ पडलं होतं, चिलगोजांसारख्या बियांचं पीक उदंड आलं होतं आणि उंदरांची संख्या कैक पटींनी वाढली होती. उंदीर घरात शिरू देऊ नये, त्यांनी शिवलेल्या वस्तूंपासून दूर राहावं, हे नाव्हाहोंचे वडीलधारे आधीपासून सांगत आले होते. प्रयोगशाळेने नंतर त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. तिथल्या या प्रकारात दर दहा रुग्णांपैकी तीन-चार दगावतात.

भारतात हा धागा पुन्हा वेल्लोरच्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने उचलला. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या संशोधकांनी तापाचे रुग्ण, मूत्रपिंडाचे जुने रुग्ण, गोदामातले कामगार आणि उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांचं रक्त तपासलं. काहींच्या रक्तात हंताविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली.

इरुळांचं काम वाचताना पेण-रोह्याच्या कातकरी वाड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. बांधावरची बिळं खणून उंदीर पकडणं, त्यात साठलेल्या लोंब्या काढून घेणं हे कातकऱ्यांचं जुनं कसब. उंदीर कुठे, कधी, किती वाढले, हे त्यांच्याइतकं जवळून कोण पाहतं? केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गटात धरलेला हा समाज या संशोधनाच्या केंद्रस्थानी असायला हवा. त्याच्याकडे फक्त रक्ताचे नमुने देणारा म्हणून पाहणं अन्यायाचं ठरेल.

निदानाने नेमका फरक पडतो तो उपचारात. लेप्टो जिवाणूमुळे होतो, त्यावर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन चालतात, आणि संशय येताच ती सुरू करण्यातच शहाणपण आहे. हंतावर खात्रीचं औषध नाही. शिरेतून किती पाणी द्यायचं याचा काटेकोर हिशोब, गरज पडली तर डायलिसिस किंवा श्वासाचं यंत्र, यावरच रुग्णाची भिस्त. घरात करण्यासारखं मात्र बरंच आहे: बंद कोठी उघडली की अर्धा तास वारा खेळू द्यावा, लेंड्यांवर ब्लीचिंगचं पाणी शिंपडून त्या भिजू द्याव्यात, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात. कोरडा झाडू आधी फिरवू नये.

उंदीर तपासण्याची परंपरा या भागाला परकी नाही. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत, १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, प्लेग आयोगाने हजारो उंदीर चिरून पाहिले आणि पिसवांचा दोष पक्का केला. आज पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. पेणहून ती काही तासांच्या अंतरावर. पावसाळा सरताना लेप्टो आणि डेंग्यूच्या चाचण्या कोऱ्या आलेल्या रुग्णांचे नमुने तिथे जायला हवेत, खाचरांतले उंदीर, घुशी आणि घरातल्या चिचुंद्र्याही. कातकरी तरुणांना या कामाचं प्रशिक्षण आणि पुरेशी मजुरी मिळावी, हातमोजे आणि मास्क पहिल्या दिवसापासून मिळावेत. आणि जे निष्पन्न होईल ते इंग्रजी नियतकालिकात छापण्याआधी वाडीवर बसून सांगितलं जावं.