संगणकावरील रेषांची घडण

इमारतीचा अथवा यंत्राचा नकाशा लक्षपूर्वक पाहिल्यास त्यातील सर्व रेषा सारख्या नसतात, असे आढळून येते. काही रेषा अखंड असतात, काही तुटक, तर काहींत लांब तुकडा व ठिपका आळीपाळीने येतात. हा भेद केवळ शोभेसाठी नसतो. अखंड ठळक रेषा वस्तूची दिसणारी कडा दाखविते. तुटक रेषा झाकलेली कडा दाखविते. आणि लांब तुकडा व ठिपका यांची साखळी-रेषा मध्य किंवा अक्ष दर्शविते. रेषा ही आरेखकाची लिपीच होय. ती चुकीची वाचली गेली, तर वस्तूही चुकीची घडते.

ही लिपी सर्वांस सारखीच कळावी म्हणून तिचे नियम ठरविण्यात आले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने १९८८ मध्ये शाळा व महाविद्यालये यांच्यासाठी अभियांत्रिकी आरेखनाची पुस्तिका प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय मानकांत तुकड्यांची मापे रेषेच्या जाडीवरून काढतात. तुटक रेषेतील तुकडा जाडीच्या १२ पट व मोकळी जागा ३ पट असते. म्हणजे ०.५ मिलिमीटर जाडीच्या रेषेत तुकडा ६ मिलिमीटर व मोकळी जागा १.५ मिलिमीटर होय.

नेहमीच्या रेषा आरेखनाच्या आज्ञावलीत तयारच असतात. परंतु जमिनीखालील गॅसची नळी, पाण्याची नळी व विजेची तार एकाच नकाशात दाखवावयाची असेल, तर त्या अपुऱ्या पडतात. अशा वेळी नवी रेषा घडवावी लागते. १९८२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ऑटोकॅड या आज्ञावलीत ही कृती सोपी आहे. साध्या मजकुराच्या धारिकेत दोन ओळी लिहावयाच्या असतात. पहिल्या ओळीत तारांकित चिन्हापुढे रेषेचे नाव व वर्णन येते. दुसऱ्या ओळीच्या आरंभी ‘ए’ हे रोमन अक्षर व त्यापुढे स्वल्पविरामांनी विलग केलेल्या संख्या येतात. उदाहरणार्थ:

ए, १०, -३, ०, -३

प्रत्यक्षात हे सर्व रोमन अक्षरांत व अंकांत लिहितात. धन संख्या म्हणजे तुकड्याची लांबी. ऋण संख्या म्हणजे लेखणी उचलून सोडलेली जागा. आणि शून्य म्हणजे ठिपका. येथे १० मिलिमीटरचा तुकडा, ३ ची मोकळी जागा, ठिपका व पुन्हा ३ ची मोकळी जागा असा १६ मिलिमीटरचा एक फेरा होतो. तोच रेषेच्या टोकापर्यंत पुन:पुन्हा येतो. आरंभीच्या ‘ए’ या अक्षरामुळे रेषेच्या दोन्ही टोकांशी तुकडाच येईल, अशी जुळणी होते. रेषा एका फेऱ्याहूनही आखूड असेल, तर ती अखंडच काढली जाते.

रेषेत ‘गॅस’ यासारखा शब्दही गुंफता येतो. त्यासाठी चौकटी कंसात शब्द, अक्षरांची शैली, उंची व कोन ही लिहितात. शब्द स्वत: जागा अडवीत नाही, म्हणून त्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा ऋण संख्येने राखावी लागते. ती कमी पडल्यास पुढील तुकडा अक्षरांवरून जातो.

सर्वांत अधिक चुका प्रमाणाच्या बाबतीत होतात. संगणकावर इमारत तिच्या खऱ्या मापाने काढतात. २० मीटर लांबीच्या रेषेत वरील १६ मिलिमीटरचे १,२५० फेरे बसतात. हा नकाशा १:१०० प्रमाणात छापला, तर एकेक फेरा कागदावर अवघा ०.१६ मिलिमीटरचा होतो आणि तुटक रेषा अखंड भासते. रेषेचा प्रमाणांक १०० ठेवल्यास प्रत्येक फेरा १,६०० मिलिमीटरचा होतो व कागदावर बरोबर १६ मिलिमीटरचा उमटतो.

नवी रेषा घडविणारा तिचा अर्थ जाणतो. पण खोदकाम करणाऱ्याच्या हाती केवळ कागद असतो. यास्तव प्रत्येक नव्या रेषेचा नमुना व अर्थ नकाशाच्या चिन्हसूचीत नोंदवावा, तसेच छापील प्रत एकदा डोळ्यांनी पारखून पाहावी. गॅसच्या नळीची रेषा कागदावर स्पष्ट वाचता आली, तरच कुदळ योग्य जागी पडते.