जुन्या पोस्टकार्डांवरील युरोपीय वास्तू : संग्रहातून उलगडणारा इतिहास

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्यासंबंधीचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात जात, तर तेथील तज्ज्ञ भिलाईत वास्तव्य करीत. त्यामुळे मरोदासारख्या कारखान्याच्या वसाहतीतील मराठी वा अन्य भाषिक कुटुंबांच्या जुन्या पेटीत मॉस्को अथवा लेनिनग्राडमधील वास्तूंची सचित्र पोस्टकार्डे आढळली, तर त्यात नवल नाही. मात्र अशी कार्डे ही केवळ प्रवासाची आठवण नसते; ती इतिहासाचे साधनही ठरतात.

जगातील पहिले अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीमध्ये १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सचित्र कार्डांचा प्रसार झाला आणि युरोपातील चर्च, राजवाडे, पूल व नगरचौक घरोघरी पोहोचले.

एकच जागा, तीन चित्रे

या संग्रहाचे महत्त्व मॉस्कोतील ख्रिस्त तारणहार कॅथेड्रलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १८८३ मध्ये प्रतिष्ठापना झालेली ही भव्य वास्तू १९३१ मध्ये पाडण्यात आली. तेथे नियोजित असलेला 'सोव्हिएत प्रासाद' प्रत्यक्षात उभा राहिला नाही. १९६० मध्ये त्या जागी उघड्यावरील विशाल जलतरण तलाव सुरू झाला. पुढे तो बंद होऊन कॅथेड्रल पुन्हा बांधण्यात आले व २००० मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. म्हणजेच एकाच जागेच्या तीन काळांतील कार्डांवर कॅथेड्रल, तलाव आणि पुन्हा कॅथेड्रल दिसते. जर्मनीतील ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श हे चर्चही १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळले आणि २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले.

कार्डाचा काळ कसा ओळखावा ?

शहराचे नाव हा पहिला पुरावा होय. सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राड झाले आणि १९९१ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळाले. सोव्हिएत कार्डांच्या मागील बाजूस बहुधा बारीक अक्षरांत छपाईचे वर्ष, प्रतींची संख्या व किंमत दिलेली असते. त्याहून जुन्या युरोपीय कार्डांत मागील बाजूची रचना उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये १९०२ पूर्वी ही बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव होती व मजकूर चित्राच्या बाजूस लिहावा लागे. त्यानंतर मधोमध रेघ असलेली कार्डे आली. एका भागात पत्ता, दुसऱ्या भागात मजकूर.

टपालाच्या शिक्क्यावरील तारखेबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. कार्ड त्या तारखेनंतरचे नाही, एवढेच शिक्का सांगतो. छायाचित्र त्याच्या कितीतरी वर्षे आधीचे असू शकते. जुन्या कार्डांवरील रंगही पुष्कळदा छापखान्यात भरलेले असत. त्यामुळे भिंतीचा वा घुमटाचा रंग खरा मानता येत नाही.

जतन आणि नोंद

कार्डावरील तिकीट सोडवून काढू नये. तिकीट, शिक्का आणि मजकूर एकत्र असण्यातच त्याचे मोल असते. गोंद व चिकटपट्टी टाळावी, पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. आम्लमुक्त कागदाची पाकिटे अधिक सुरक्षित असतात. पावसाळ्यात दमटपणापासून आणि एरवी थेट उन्हापासून कार्डे दूर ठेवावीत.

याहून मोठा धोका विस्मरणाचा आहे. निवृत्तीनंतर कारखान्याचे निवासस्थान सोडताना जुने कागद रद्दीत जातात. परदेशी जाऊन आलेली पहिली पिढी आता वृद्धापकाळात आहे. कार्ड कोणी, कोठून व कोणत्या वर्षी आणले, ही माहिती त्यांच्याकडून विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवणे हे संग्रहातील पहिले काम होय. चित्रातील वास्तूची माहिती ग्रंथांत पुन्हा शोधता येते. परंतु ते कार्ड त्या घरात कसे आले, हे सांगणारी व्यक्ती पुन्हा मिळत नाही.