एका दात्याचा हिशेब

जुनी मोटरसायकल नव्याने उभी करताना मालकाचा सगळा जीव रंगात, क्रोममध्ये आणि सायलेन्सरच्या आवाजात गुंतलेला असतो. पण ती रस्त्यावर कशी धावेल, हे बरेचसे दोन स्प्रॉकेटांच्या दात्यांवर ठरते. ही निवड दुकानात मिळेल त्या चेनसेटवर सोडू नये.

गिअरबॉक्समधली गुणोत्तरे कारखान्यातच ठरलेली असतात. आपल्या हातात उरते ते शेवटचे गुणोत्तर : मागचे दाते भागिले पुढचे दाते. समजा, पुढे १४ आणि मागे ३६ दाते आहेत. गुणोत्तर आले २.५७. पुढे १५ दात्यांचे स्प्रॉकेट लावले की ते २.४० होते आणि सगळेच गिअर सुमारे ७ टक्क्यांनी लांबतात, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना गाडी तितकी जास्त वेगाने धावते; गुणोत्तर वाढले की गिअर आखूड होतात. तेवढाच फरक मागून साधायला दोन-अडीच दाते कमी करावे लागतील. म्हणून मोठा बदल पुढून, बारीक बदल मागून.

आता गाड्यांकडे वळू. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची, चार गिअरची गाडी. तिची ११ अश्वशक्ती मिळते ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना. वेग वाढावा म्हणून पुढे एक दाता वाढवला, तर मागे माणूस बसलेला असताना किंवा समोरून वारा असताना टॉपमध्ये इंजिन तिथवर पोहोचतच नाही, आणि प्रत्यक्षातला वेग उलट घटतो.

म्हैसूरला बनलेल्या जावा २५० चा स्वभाव निराळा. तिची १२ अश्वशक्ती ४,७५० फेऱ्यांनाच येते. ती खालून ओढते, त्यामुळे लांब गिअर तिला झेपतात. आखूड केले तर इंजिन विनाकारण पळत राहते.

खरी कसोटी १७३ सीसीच्या, तीन गिअरच्या राजदूतची. दुसऱ्या आणि टॉप गिअरमधले अंतर मोठे असल्याने खंबाटकी घाटासारख्या चढावर टॉप ओढत नाही आणि दुसऱ्यात इंजिन ओरडते. अशा गाडीला थोडा आखूड टॉपच बरा; सपाटीवर थोडा वेग गेला तरी घाटात एक उपयोगी गिअर मिळतो.

उताराचाही विचार हवा. जावा, राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थ्रॉटल बंद ठेवून खालच्या गिअरमध्ये लांब उतार उतरला, की इंजिन जोरात फिरते पण पेट्रोलबरोबर वंगणही तुटते. गिअर जितके आखूड, तितका हा धोका वाढतो. अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा.

सुरुवात कारखान्याच्या मूळ दात्यांपासून करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. सपाट रस्त्यावर, नेहमीचे ओझे घेऊन, टॉपमध्ये इंजिन कमाल ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर गुणोत्तर लांब आहे. सहज ओलांडून जात असेल तर आखूड. मोठ्या इंजिनाला चुकीचा दाता खपून जातो. या लहान इंजिनांकडे वाया घालवायला ताकद नाही, म्हणून त्यांच्यासाठी एवढा हिशेब करणे हे आपले कर्तव्यच आहे.